फिलिपिनो केअरगिव्हरांकडून नेमकं काय शिकायचं? (फोंड्यातल्या वर्गासाठी)

कुर्टीकरीण विचारतात:

नमस्कार मंडळी. चवथीनंतर आमच्या फोंड्याच्या महिला मंडळात घरगुती रुग्णसेवेचा सहा महिन्यांचा वर्ग सुरू करायचा घाट घातला आहे. येणाऱ्या मुली दहावी-बारावी झालेल्या, वय वीस ते पस्तीस. काहींना इथेच काम हवंय (मुलं लंडनला आणि आईवडील मोठ्या घरात एकटे, अशी घरं गोव्यात काय कमी आहेत!), काहींना बाहेर जायचंय. माहिती द्यायला येणारे एजंट एकच टेप लावतात: फिलिपिन्सच्या बायका जात्याच मायाळू आणि सोशिक, म्हणून जगभर मागणी, तुम्हीही हसतमुख राहा, काम मिळेल. मायाळूपणा सहा महिन्यांत कसा शिकवतात ते मला ठाऊक नाही, म्हणून जाणकारांना विचारते. त्या देशाने हे नेमकं कसं उभं केलं? शिकवणं, करार, पैसे, तक्रार यांतलं आपल्याला काय उचलता येईल, आणि कुठे त्यांचेही हात पोळले? अभ्यासक्रम लिहायला घेतला आहे, तेव्हा मोघम नको.

जुनं_तारू:

"जात्याच मायाळू" हे आधी फळ्यावरून पुसा. शंभर वर्षांहून जुनी घडण आहे ती, आणि सुरुवात झाली अमेरिकेच्या राज्यात. १८९८ मध्ये फिलिपिन्स स्पेनकडून अमेरिकेकडे गेला. इलोइलो शहरातल्या मिशन हॉस्पिटलात १९०६ मध्ये परिचारिकांची शाळा निघाली. शिकवणं इंग्रजीतून, अभ्यासक्रम अमेरिकी धाटणीचा. म्हणजे मुलगी शिकून बाहेर पडली की अमेरिकेतल्या वॉर्डात उभी राहायला तयार, फक्त तिकिटाची खोटी. ते तिकीट १९४८ मध्ये 'एक्स्चेंज व्हिजिटर' योजनेने दिलं: दोन वर्षं या, अनुभव घ्या, परत जा. प्रत्यक्षात अनेक इस्पितळांनी पुऱ्या नर्सचं काम करून घेतलं आणि हातावर विद्यावेतन ठेवलं. १९६५ च्या अमेरिकी इमिग्रेशन कायद्यानंतर कायमचं राहायची वाट उघडली.

दुसरा टप्पा हुकूमशहा मार्कोसच्या काळातला. घरी बेकारी, त्यात तेल महागलेलं. १९७४ च्या श्रमसंहितेने परदेशातली नोकरी हे सरकारी धोरणच करून टाकलं. तात्पुरती मलमपट्टी म्हणून काढलेली ती व्यवस्था १९८२ मध्ये पीओईए नावाचं खातं झाली आणि २०२१ च्या कायद्याने स्थलांतरित कामगारांचं स्वतंत्र मंत्रालय. पन्नास वर्षं टिकलेली मलमपट्टी! नर्सांच्या मागोमाग घरकामाला आणि म्हाताऱ्यांच्या सेवेला बायका निघाल्या: हाँगकाँग, सिंगापूर, आखात, इटली, कॅनडा, तैवान, इस्रायल. २०२४ साली परदेशातून देशात आलेली रोख ३४ अब्ज डॉलरच्या वर होती. इतका पैसा येतो म्हटल्यावर सरकार त्यांना 'नवे वीर' म्हणणारच. राष्ट्राध्यक्ष कोराझोन आकिनो यांनी तो शब्द १९८८ मध्ये हाँगकाँगच्या घरकामगारांसमोरच वापरला होता.

पण मुलींना खरं शिकवायचं ते हे, की त्यांच्या बाजूचा एकेक नियम कुणीतरी भोगल्यावर किंवा भांडल्यावर आलाय. आपल्या तारवट्यांना ठाऊक असेल, बोटीवरच्या फिलिपिनो खलाशाच्या मूळ पगारातला ८० टक्के भाग सक्तीने घरी जातो. १९८२ मध्ये अशीच सक्ती जमिनीवरच्यांनाही लावली. घरकामगार बायकांनी निम्मा पगार सरकारमान्य मार्गाने पाठवायचा, न पाठवल्यास पासपोर्टचं नूतनीकरण अडवायचं. हाँगकाँगच्या बायकांनी एकजूट केली आणि १९८५ मध्ये ती शिक्षेची कलमं सरकारला मागे घ्यावी लागली. युनिफिल ही त्यांची संघटना त्याच लढ्यातून उभी राहिली.

मग १९९५. सिंगापूरमध्ये फ्लोर कॉन्टेम्प्लासिऑन या घरकामगार बाईला १७ मार्चला फाशी झाली. दुसरी एक फिलिपिनो बाई आणि ती सांभाळत असलेला चार वर्षांचा मुलगा, या दोघांच्या खुनाचा आरोप होता. फिलिपिन्सच्या सरकारने वेळेत हातपाय हलवले नाहीत म्हणून देशभर आग उसळली, परराष्ट्रमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. तीन महिन्यांच्या आत, ७ जूनला, स्थलांतरित कामगारांचा कायदा, क्रमांक ८०४२, मंजूर. तो दिवस तिकडे आजही स्थलांतरित कामगार दिन म्हणून पाळतात.

कागदवाली_सत्तरी:

तारूदादांनी इतिहास मांडला, मी पुढचं कागदाचं सांगते. वर्गात एक दिवस फक्त याला द्या.

८०४२ मधलं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे सामाईक जबाबदारी. परदेशी मालकाने पगार बुडवला तर मनिलातली एजन्सी आणि तो मालक दोघेही पूर्ण रकमेला बांधील. बाईने रियाधच्या शेखाला शोधत बसायचं कारण नाही, एजन्सी हाताशी आहे, तिच्यावर दावा ठोकायचा. करार संपण्याआधी विनाकारण काढलं तर उरलेल्या काळाचा पगार मिळतो. कायद्यात आधी मेख होती, तीन महिन्यांपुरताच मिळेल अशी. ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका खलाशाच्या दाव्यात घटनाबाह्य ठरवली, संसदेने २०१० च्या दुरुस्तीत परत घुसवली, आणि न्यायालयाने २०१४ मध्ये परत उडवली. चिवटपणा बघा दोन्हीकडचा.

दुसरं, निघण्याआधीची साखळी. जिथे जायचं तिथल्या फिलिपिनो वकिलातीतला श्रम अधिकारी करार तपासून शिक्का मारतो. घरकामगार असेल तर सरकारी कौशल्य संस्थेचं एनसी-टू प्रमाणपत्र लागतं. जाण्याच्या देशाची भाषा आणि रीतभात शिकवणारा काही दिवसांचा वर्ग करावा लागतो, कल्याण निधीचं सभासदत्व घ्यावं लागतं (एका कराराला २५ डॉलर). एजन्सीने काढायचा विमा असतो: अपघाती मृत्यूला १५,००० डॉलर, नैसर्गिक मृत्यूला १०,०००, कायमच्या अपंगत्वाला ७,५००. हे सगळं जुळलं की ओईसी नावाचा परवाना मिळतो, ६० दिवस चालतो. तो नसेल तर विमानतळावरून परत पाठवतात.

आपल्याकडे काय आहे? १९८३ चा उत्प्रवास कायदा. त्याच्या कलम १० प्रमाणे नोंदणीशिवाय कुणालाही परदेशी नोकरीसाठी भरती करता येत नाही. बोटीवर जाणाऱ्याच्या घरात आरपीएसएल नंबर (खलाशी भरती करणाऱ्या एजन्सीचा परवाना) बघितल्याशिवाय पासपोर्ट कुणी देत नाही ना? जमिनीवरच्या नोकरीला तसाच आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) नंबर असतो, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर 'सक्रिय' दिसतो की 'निलंबित', ते मुलीने स्वतः उघडून बघायचं. एजंटने दाखवलेल्या फोटोत नाही. मुख्य कार्यालय मुंबईत आणि फोंड्यात नुसता 'प्रतिनिधी' असेल, तर नोंदणी कुणाच्या नावावर आणि पावती कुणाच्या नावावर, ते जुळवा. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये, वर जीएसटी. म्हणजे १८ टक्के धरून ३५,४००. वरचा प्रत्येक रुपया 'ट्रेनिंग', 'फाइल', 'मेडिकल', 'सीट ब्लॉकिंग' अशा नावांनी मागतात.

आता एक खाच, जी सुशिक्षित गोव्यात फार लागू पडते. ज्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' (उत्प्रवास तपासणी आवश्यक) आहे, म्हणजे ढोबळमानाने दहावी नापास, त्यांना सौदी, कुवेत, ओमान अशा १८ देशांत नोकरीला जाताना उत्प्रवास मंजुरी लागते. मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची (१० लाखांचं अपघाती संरक्षण, हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५). घरकामाला जाणाऱ्या ईसीआर बाईचं वय किमान ३० लागतं. आपली मुलगी दहावी पास, म्हणून या चाळणीतून तिला सूट. सूट म्हणजे मोकळीक वाटते, पण तिचा करारही मग कुणी सरकारी माणूस बघत नाही आणि विमाही आपोआप निघत नाही. इस्रायल, जपान, सिंगापूर तर त्या १८ देशांत नाहीतच. तेव्हा फिलिपिन्सचं सरकार जे करतं ते आपल्या मुलीला स्वतःच करावं लागतं, मंडळाने तेवढं शिकवावं.

व्हिजिट व्हिसावर दुबईला जाऊन 'तिथे बदलून घेऊ' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्या व्हिसावर नोकरीचा करार नसतो, आणि करार नसला की तक्रार कशाची करणार?

कुर्टीकरीण:

दोघांचेही आभार. सामाईक जबाबदारीचा मुद्दा माझ्या ध्यानीमनी नव्हता. एक शंका: एवढे कडक नियम असताना तिकडच्या बायका फसतात कशा? आणि मागच्या सभेत एकाने यूकेच्या केअर व्हिसाचा भाव सात लाख सांगितला, त्याचं काय?

स्विंडनचा_पत्ता:

यूकेचं मी सांगतो, लहान उत्तर आहे. केअर वर्करना हा व्हिसा फेब्रुवारी २०२२ मध्ये खुला झाला. ११ मार्च २०२४ पासून नवरा-मुलांना नेणं बंद. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरतीच बंद. आधीपासून तिथे असलेल्यांना काही काळ मालक बदलायची सोय आहे, बस. फोंड्यात बसून सात लाखांत मिळणारी स्पॉन्सरशिप म्हणजे कोरा कागद. नर्सचा रस्ता वेगळा, त्याला नोंदणी, इंग्रजीची परीक्षा आणि प्रात्यक्षिक परीक्षा लागते, दहावीवर नाही. आणि "माझ्या चुलतभावाचा पोर्तुगीज पासपोर्ट आहे" (म्हणजे युरोपीय नागरिक म्हणून यूकेत थेट जाता येईल) हेही आता चालत नाही, ३१ डिसेंबर २०२० ला ते दार लागलं.

कागदवाली_सत्तरी:

फसतात कशा, याचं उत्तम उदाहरण २००६ चं. लेबनॉनच्या युद्धातून हजारो घरकामगारांना परत आणावं लागलं, तेव्हा फिलिपिन्स सरकारने नियम केले: किमान पगार २०० वरून ४०० डॉलर, किमान वय २५ (पुढे ते २३ वर आणलं), प्रशिक्षण सक्तीचं, आणि बाईकडून भरती शुल्क घ्यायचंच नाही. कागदावर सुरेख. झालं काय, तर दोन करार होऊ लागले. एक ४०० चा, शिक्क्यासाठी. दुसरा उतरल्यावर विमानतळावर किंवा एजन्सीच्या ऑफिसात सही करून घ्यायचा, २०० चा, बहुधा अरबीत. शुल्क बंद, म्हणून तीच रक्कम प्रशिक्षणाच्या फीमध्ये शिरली, किंवा कर्ज काढायला लावून पहिल्या काही महिन्यांच्या पगारातून कापली जाऊ लागली. करार बदलणं हा तिकडे भरतीचा गुन्हा आहे. तरी चालतं, कारण ज्या बाईने वर्गासाठी गाय आणि शेत गहाण टाकलंय ती उतरल्या उतरल्या सही नाकारत नाही. फसवणुकीची मुळी तिथे आहे, कर्जात.

म्हणून मुलींच्या हिशेबाचा कागद आधी करून घ्या. हातात येणाऱ्या पगारातून स्वतःचा खर्च वजा करा, उरलेल्या रकमेने एकूण खर्चाला भागा, किती महिने होतात? दोन वर्षांच्या कराराला सहाच्या वर गेले तर जाऊ नये, हे माझं मत.

आणि कराराच्या चार प्रती: एक स्वतःकडे, एक घरी, एक मंडळात, एक फोटो करून मेलवर. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा, विम्याचा नंबर, मालकाचा पत्ता तसाच. पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला की फोनमधला फोटो एवढंच हातात उरतं. फोनही काढून घेतात, म्हणून मेलवर. अडचण आली तर भारतीय वकिलात आणि 'मदद' पोर्टल. तिथे घरच्यांनाही तक्रार घालता येते, त्यासाठी हेच कागद लागतात.

खाटेशेजारी:

करारावर बरंच झालं, आता कामावर येऊ. ताई, अभ्यासक्रम लिहिताय म्हणून: तिकडचा केअरगिव्हिंग एनसी-टू ७८६ तासांचा होता. तासांचा आकडा हवेतून आला नाही. कॅनडाच्या लिव्ह-इन केअरगिव्हर योजनेत (१९९२ ते २०१४) सहा महिन्यांचं पूर्णवेळ प्रशिक्षण किंवा वर्षाचा अनुभव मागत, म्हणून फिलिपिन्सभर सहा महिन्यांच्या केअरगिव्हर शाळा उगवल्या. गिऱ्हाईक काय मागतं ते बघून शाळा. २०२४ मध्ये भारत-इस्रायल करारातून केअरगिव्हरची मागणी आली तिच्यात वय २५ ते ४५, दहावी आणि ९९० तासांचं प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण असं होतं. तेव्हा तुमचे सहा महिने वर्गात बसून मोजू नका. निम्म्याहून जास्त तास खाटेजवळ हवेत, रोजच्या सहीनिशी, नाहीतर प्रमाणपत्रावर तास लिहिता येत नाहीत.

काय शिकवायचं ते लांबलचक आहे, मी दोनच गोष्टी घेतो, कारण बहुतेक दुखापती आणि बहुतेक हकालपट्ट्या त्यांतून होतात.

पहिली, खाटेवरून व्हीलचेअरवर. अर्धांगाचा रुग्ण धरा, उजवी बाजू गेलेली. खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला, म्हणजे डावीकडे, खाटेशी ३० ते ४५ अंशांत. ब्रेक दोन्ही. पायटे बाजूला वळवायचे, इथे नव्वद टक्के विसरतात आणि म्हाताऱ्याची नडगी सोलते. रुग्णाला काठाशी सरकवून बसवा, तळवे जमिनीला पुरे टेकलेले, मिनिटभर थांबा. झोपलेला माणूस एकदम उठवला की रक्तदाब उतरून भोवळ येते. कंबरेला पट्टा. त्याचे हात आपल्या मानेभोवती कधीच नाहीत. आपला गुडघा त्याच्या दुबळ्या गुडघ्यासमोर टेकून धरायचा, म्हणजे पाय दुमडणार नाही. पाठ ताठ, ताकद मांड्यांत, "एक, दोन, तीन" त्याच्याशी ठरवून. उचलायचं नसतं, पुढे झुकवून वळवायचं असतं. काखेत हात घालून ओढलं की लुळा खांदा निखळतो आणि आपली कंबर जाते. गोव्यातल्या जुन्या घरांत आणखी एक भानगड, उंबरे आणि बाल्कांवच्या (दारापुढच्या ओट्याच्या) पायऱ्या. खुर्ची उतरवताना रुग्णाची पाठ उताराकडे, आपण खाली.

कपड्यांचं सूत्र पाठ करून घ्या: घालताना दुबळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. एवढं चुकलं तरी मुलाखत घेणाऱ्याला कळतं की हिने काम केलेलं नाही.

दुसरी, बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम. दर दोन तासांनी कूस, वहीत वेळ आणि बाजू लिहून. एकदम काटकोनात नव्हे, तिरकं, ३० अंश, पाठीशी उशी. टाचा हवेत, पोटरीखाली उशी देऊन. लाल डाग दिसला की बोटाने दाबा: दाबल्यावर पांढरा पडला तर ठीक, लालच राहिला तर कातडीखाली नुकसान सुरू झालंय. तिथे चोळायचं नाही! आपल्याकडे पावडर लावून चोळतात, त्याने वाढतं. गादीवरची चादर ओढून सरकवणंही तसंच, कातडी घासते. पावसात आमच्या दमट हवेत डायपरची ओल आणि घाम यांनी दोन दिवसांत जखम होते, म्हणून बदलण्याची वेळ वहीत हवी.

या बेडसोरवरून जपानची गोष्ट. २००८ मध्ये अमलात आलेल्या आर्थिक करारातून फिलिपिनो नर्स आणि केअरगिव्हर २००९ पासून तिथे गेले. काम करत करत राष्ट्रीय परीक्षा द्यायची, जपानीत. २०१० च्या नर्सिंग परीक्षेला या योजनेतले (इंडोनेशियाचे धरून) २५४ जण बसले, पास झाले तीन. रोजच्या बोलण्यात बेडसोरला म्हणतात 'तोकोझुरे', वॉर्डात सगळ्यांना ठाऊक. परीक्षेत यायचा 'जोकुसो', तोही अवघड चिनी अक्षरांत. आपण पेपरात 'शय्याव्रण' टाकावं तसं. हाताला येत होतं, डोळ्याला कळत नव्हतं. ओरड झाल्यावर अक्षरांवर उच्चार छापू लागले, रोगांची इंग्रजी नावं दिली, वेळ वाढवला. तर भाषेच्या वर्गात नुसतं "नमस्कार, मी अमुक" नको. दुखणं, सूज, खोकला, शौच, गिळणं, चक्कर, पडणं यांचे दोन-दोन शब्द, घरातला आणि कागदावरचा. जपानचा सध्याचा 'विशिष्ट कौशल्य' रस्ता आपल्यालाही खुला आहे: एन-४ (जपानी भाषा परीक्षेची प्राथमिक) पातळीची भाषा, सेवेची कौशल्य परीक्षा आणि सेवेतल्या जपानीची वेगळी परीक्षा. पाच वर्षं राहता येतं, राष्ट्रीय परीक्षा पास झाल्यास पुढेही.

वजा_बाकी:

सगळं वाचलं. उपयोगी आहे, पण फिलिपिन्सला गुरू करताना त्याची उधारीही सांगा. तिकडे नर्स झालेली बाई परदेशात केअरगिव्हर म्हणून जाते, एवढंच काय, २००० नंतरच्या काळात डॉक्टर लोक परत नर्सिंग शिकून बाहेर गेले. मग त्यांच्या जिल्हा इस्पितळांत कोण राहिलं? कॅनडाची जी योजना वर आली तीत मालकाच्या घरी राहून २४ महिने भरायचे, मग कायम वास्तव्याचा अर्ज, मग वर्षानुवर्षं वाट. मधल्या काळात नर्सिंगचा हात मोडतो आणि मुलं आजीकडे मोठी होतात. पुढे आई-मुलं एकत्र आली तरी एकमेकांना परकी.

आणि 'मायाळू' हे बिरुद उलटतंही. १९७५ मध्ये मिशिगनच्या अ‍ॅन आर्बरमधल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात रुग्ण गूढपणे श्वास थांबून दगावले, संशय दोन फिलिपिनो नर्सांवर. १९७७ मध्ये दोषी ठरवलं, मग नवा खटला मंजूर झाला आणि १९७८ मध्ये आरोप मागे घेतले. कोविडच्या पहिल्या महिन्यांत अमेरिकेतल्या नर्सांत फिलिपिनो सुमारे ४ टक्के, मेलेल्या नर्सांत जवळजवळ एक तृतीयांश. सोशिकपणाचं बिल असं येतं.

जुनं_तारू:

वजा_बाकी, यातलं काही खोडता येण्यासारखं नाही. एकच भर: इस्रायलमध्ये २००६ पर्यंत व्हिसा एकाच मालकाला बांधलेला होता, मालक सोडला की बाई बेकायदा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मोडून काढलं. पण २००९ मध्ये त्याच न्यायालयाने, आणि फेरसुनावणीत २०१३ मध्ये परत, ठरवलं की घरी राहणाऱ्या केअरगिव्हरला जादा वेळेचा कायदा लागू नाही. तो दावा एका फिलिपिनो बाईचाच होता. म्हणजे रात्री चार वेळा उठवलं तरी त्याचा वेगळा पैसा नाही. मुलींना हे जाण्याआधी माहीत हवं.

कुर्टीकरीण:

इस्रायलबद्दल तिघी विचारताहेत. घरात नक्की काय वेगळं असतं?

खाटेशेजारी:

पहिली स्वयंपाकघर. धार्मिक घरात दूध आणि मांस यांची भांडी, सुऱ्या, घासण्या, कधी बेसिनसुद्धा वेगळं. दुधाचा चमचा गरम मांसाच्या पातेल्यात गेला तर गुपचूप धुऊन ठेवू नये, सांगावं. काय करायचं ते ते ठरवतात. ज्यांनी आजीच्या घरी सोवळं-ओवळं पाहिलंय त्यांना हे समजायला वेळ लागत नाही, वर्गात तसंच समजवा. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत दिवा लावणं-मालवणंही काही घरांत चालत नाही, गरम जेवणाची तयारी आधी करून ठेवायची. सगळी घरं अशी नसतात. पहिल्या दिवशी विचारून वहीत लिहावं.

दुसरी, आसरा. ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात फिलिपिनो केअरगिव्हरही मारले गेले. भोंगा झाल्यावर गाझाच्या सीमेजवळ १५ सेकंद मिळतात, तेल अवीवकडे सुमारे ९०. घरात 'ममाद' ही सुरक्षित खोली आहे का, नसल्यास आसरा किती पायऱ्यांवर, व्हीलचेअरसकट किती वेळ लागतो, हे करार करण्याआधी विचारायचं. उत्तर टाळलं तर घर बदलून मागावं.

तिसरी ऐकून बरं वाटेल. लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबा इथे कोकणातून गेलेले बेने इस्रायली ज्यू आहेत, त्यांच्या म्हाताऱ्या माणसांना मराठी येतं. स्मृतिभ्रंश झाला की नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणची उरते. तिथे आपल्या मुलीला जे जमेल ते हिब्रू पक्की येणाऱ्या बाईलाही जमणार नाही.

मालक वारला तर घाबरायचं नाही. ९० दिवसांत दुसऱ्या मालकाकडे नोंद व्हायला लागते. पण एकूण मुदत ६३ महिन्यांची धरून चालावं, त्यानंतर नवा मालक सहसा मिळत नाही.

कागदवाली_सत्तरी:

एक राहिलं, आणि फिलिपिनो बायकांनी ते सगळ्यात चांगलं सांभाळलंय: सुट्टीचा दिवस. हाँगकाँगच्या सेंट्रल भागात दर रविवारी हजारो जणी पुठ्ठे अंथरून बसतात, बघणाऱ्याला सहल वाटते. तिथेच पगाराच्या चिठ्ठ्या ताडून पाहतात, कोणत्या एजन्सीने किती कापलं ते कळतं, कुणाला काढून टाकलं तर रात्रीची सोय लागते. १९८७ पासून तिथे नोकरी गेली की दोन आठवड्यांत देश सोडावा लागतो, तेव्हा त्या १४ दिवसांत कुणाकडे जायचं हे रविवारी आधीच ठरलेलं असतं. सिंगापूरमध्ये आठवड्याची सुट्टी कायद्याने २०१३ मध्ये आली, आणि महिन्यातला एक तरी दिवस पैसे देऊन विकत घेता येणार नाही हे २०२३ मध्ये. "सुट्टीच्या बदल्यात जास्त पैसे" ही ओळ करारात दिसली की तिथे बोट ठेवायला शिकवा.

गोव्यात काम करणाऱ्यांनाही हेच लावा. इथल्या, घरी रुग्णसेवेला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोच्या कागदावर '२४ तास' एवढंच लिहितात. त्याखाली चार ओळी हाताने लिहून घ्या: झोपेचे सलग तास किती, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी आणि त्या दिवशी बदली कोण, पगार कोणत्या तारखेला आणि बँकेत की हातात, रुग्णाखेरीज घरातल्या कुणाचे कपडे-भांडी करायची का. चौथ्या ओळीवर घरची माणसं सगळ्यात जास्त अडतात, म्हणून ती सही होण्याआधीच लिहायची.